पान उलटून बघा

सकाळी पाणी घालायला गच्चीत जावं आणि जास्वंदीचा शेंडा पांढरा दिसावा, की काळजात धस्स होतं. चार दिवसांपूर्वी याच फांदीवरच्या टपोऱ्या कळ्या मोजलेल्या असतात. आज कळीच्या देठाशी, पानांच्या बेचक्यात पिंजलेल्या कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलेला असतो. पानं चिकट झालेली असतात आणि खोडावर मुंग्यांची रांग लागलेली असते. अशा वेळी पहिली धाव नर्सरीकडे जाते. ‘काहीतरी जालीम औषध द्या,’ असं म्हणून आपण एक छोटी बाटली घेऊन घरी येतो.

मीही आणली होती. गच्चीवरच्या बागेचं माझं ते दुसरं वर्ष. बाटलीतलं औषध पाण्यात मिसळून सगळ्या कुंड्यांवर मारलं. दोन दिवस गच्चीत उग्र वास होता, वाळत घातलेले कपडेही आत आणावे लागले. पिठ्या गेला आणि मी निर्धास्त झाले. तीन आठवड्यांत तो आधीपेक्षा जास्त जोमाने परत आला. शिवाय मिरचीवर, जिथे तो पूर्वी कधी दिसला नव्हता, तिथे लाल कोळी पसरला. त्या वेळी उलगडा झाला नाही, आता होतो. फवाऱ्याने पिठ्याबरोबर त्याला खाणारे किडेही मेले होते. पिठ्याची अंडी मात्र मेणचट कापसाच्या आत सुरक्षित राहिली. ती फुटली तेव्हा पिल्लांना खायला बागेत कुणी उरलंच नव्हतं.

आपण बागेतल्या विषाला सर्रास ‘औषध’ म्हणतो आणि शब्द सवयीचा झाला की भीती मोडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या रानात हे होतं, तर चार फुटांच्या बाल्कनीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणि ज्या मेथीची आज संध्याकाळी भाजी होणार तिच्यावर तसलंच काही शिंपडताना किती विचार करायला हवा! घरची बाग पोटापाण्यासाठी नसते. तिथे दहा पानं कुरतडली गेली तरी कुणाचं कर्ज थकत नाही. म्हणून विषाशिवाय कीड आवरणं शेतापेक्षा घरी कितीतरी सोपं आहे. त्यासाठी क्रम एवढाच पाळायचा : आधी डोळे, मग बोटं, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी फवारा.

रोजची दहा मिनिटं

कीड अचानक येत नाही, आपल्याला ती अचानक दिसते. मावा, पांढरी माशी, तुडतुडे, लाल कोळी या सगळ्यांना उन्हापावसापासून आडोसा लागतो, म्हणून त्यांचा मुक्काम पानाच्या खालच्या बाजूला असतो. आपण बाग वरून बघतो. पाणी घालताना प्रत्येक कुंडीतली दोन-तीन पानं उलटून बघण्याची सवय लावली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. पोस्टाची तिकिटं बघायचं साधं भिंग मिळालं तर उत्तमच.

पान उलटल्यावर काय दिसतं ते नीट पाहा. कोवळ्या शेंड्यावर हिरवे किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे मऊ किडे दाटीवाटीने बसलेले असतील तर तो मावा. रोप हलवल्यावर पांढऱ्या पिठासारखं काही उडालं आणि पुन्हा पानाखाली जाऊन बसलं, तर ती पांढरी माशी. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, खाली बारीक जाळी आणि त्यात सरकणारे लालसर कण म्हणजे लाल कोळी. पानात पांढरी नागमोडी रेघ ओढल्यासारखी दिसली तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला हिरवा भाग खात जाते.

मिरचीचं पान आकसलं की आपण त्याला सरसकट ‘बोकड्या’ म्हणतो. इथेही थोडं जवळून पाहावं. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. कडा खाली वळल्या असतील आणि देठ लांबलेला असेल तर ते बहुधा पांढऱ्या कोळ्याचं काम. पानं बारीक, गुच्छासारखी होऊन झाडाची वाढच खुंटली असेल तर विषाणू शिरला असण्याची शक्यता मोठी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ओळख आधी पटली पाहिजे.

मुंग्यांची रांग ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. मावा आणि पिठ्या झाडाचा रस शोषतात आणि उरलेली साखर चिकट गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंग्या त्यासाठीच झाडावर चढतात. गवळ्याने गुरं राखावीत तशा त्या माव्याला राखतात आणि त्याला खायला आलेल्या किड्यांना हुसकावून लावतात. पानांवर सांडलेल्या त्याच चिकट्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते. थोडक्यात, मुंग्या अडवल्या की माव्याचं संरक्षण संपतं. आपल्या आज्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती कुंड्यांच्या स्टँडला चालते. पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी बदला आणि त्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. एकट्या कुंडीसाठी बाहेरच्या काठाला व्हॅसलिनचा बोटभर रुंद पट्टा ओढला तरी पुरतो. कुंडी भिंतीला किंवा शेजारच्या फांदीला टेकलेली नाही, एवढं बघा, कारण मुंग्या तोही पूल वापरतात.

मारण्याआधी ओळखा

एकदा जास्वंदीवर मला पिठ्यामध्येच नेहमीपेक्षा मोठा, झिपऱ्या लोंबणारा पांढरा किडा दिसला. पिठ्याचीच थोराड जात असेल असं वाटून मी काडीने तो काढायला गेले, तर तो लगबगीने पळाला. पिठ्या असा पळत नाही. तो जागेवर चिकटून बसतो आणि हलला तरी अगदी सावकाश. भिंगातून बघितलं तेव्हा तो किडा एका पिठ्याला धरून शोषत होता. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. पिठ्यांच्या घोळक्यात वावरता यावं म्हणून तिच्या अंगावरही तसंच पांढरं मेण असतं. पूर्ण वाढलेला भुंगा काळपट तपकिरी असतो आणि त्याचं डोकं नारिंगी. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली तो भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांमध्येही पिठ्यासाठी सोडला जातो. त्या दिवशी माझ्या हातातल्या काडीने मी माझाच राखणदार मारणार होते.

असे राखणदार प्रत्येक बागेत येतात, त्यांचे चेहरे ओळखीचे करून घ्यायला हवेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी पाहून लोक दचकतात. ती करड्या-काळ्या रंगाची, अंगावर केशरी ठिपके असलेली, चिमुकल्या मगरीसारखी दिसते आणि मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. पानाच्या कडेला केसाएवढ्या दांडीवर मोहरीहूनही लहान पांढरा मणी उभा दिसला, तर ते क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याचं अंडं. त्यातून निघणारी अळीही माव्यावर जगते. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, निर्जीव दिसतात, त्यांना हात लावू नका. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या अंगात अंडी घातलेली असतात आणि प्रत्येक फुगीर माव्यातून आणखी एक रक्षक बाहेर पडणार असतो. भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं मडकं बांधणारी कुंभारीण माशी आपल्या पिल्लांसाठी त्यात अळ्याच साठवते. खंडोबाचा किडा, कोळी, चतुर, पाल, सरडा, शिंपी आणि बुलबुल हेही आपल्याच बाजूचे.

२००८ साली तमिळनाडूत कोइमतूरजवळ पपईवर एक नवा, परदेशातून आलेला पिठ्या सापडला. बघता बघता तो पपई, तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. शेवटी २०१० साली त्याच्यावर जगणाऱ्या एका सूक्ष्म गांधीलमाशीला पोर्तो रिकोहून आणून सोडण्यात आलं आणि थोड्याच काळात तो बहुतेक ठिकाणी ओसरला. एवढ्या मोठ्या प्रदेशात जे काम डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याने केलं, ते आपल्या दहा कुंड्यांतही होऊ शकतं. त्याला थोडी सवड मात्र द्यावी लागते.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसतो, तो कधी कधी चालू लागतो. ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिला डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला ती राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. झाड मोठं असेल तर या अळ्यांना खाऊ द्या, पानं पुन्हा फुटतात. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या हलक्या हाताने उचलून मोठ्या झाडावर नेऊन ठेवा.

बोटं, कात्री आणि पाण्याची धार

कीड ओळखली आणि ती थोडी आहे, तर बाटलीपेक्षा हात बरा. माव्याने भरलेला एखादाच शेंडा असेल तर तो खुडून साबणाच्या पाण्यात टाका. वांग्याचा कोवळा शेंडा दुपारी पाणी असूनही मान टाकतो, तेव्हा आत अळी शिरलेली असते. सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापून तो शेंडा चिरून बघा, अळी सापडेल. शेंडे पोखरणारी हीच कीड पुढे वांग्यात शिरते, म्हणून शेंड्याकडे दुर्लक्ष झालं की वांगी किडकी निघतात. नागअळीची पानं थोडी असतील तर तोडून टाका किंवा रेघेच्या टोकाला असलेली अळी पानावरूनच बोटाने दाबा.

मावा आणि लाल कोळी यांच्यावर पाणी हा पहिल्या दर्जाचा उपाय आहे. सकाळी नळीच्या तोंडावर अंगठा धरून बारीक, जोरकस धार पानांच्या खालून मारा. खाली पडलेला मावा पुन्हा चढून येणं अवघड असतं. लाल कोळ्याला कोरडी, तापलेली हवा मानवते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पानं खालून ओली ठेवली तर तो फार पसरत नाही. सलग तीन-चार दिवस धार मारायची, एकदा मारून थांबायचं नाही.

पिठ्यासाठी जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून बेचके घासून काढा. फार माखलेली फांदी सरळ छाटा. छाटलेला भाग कचऱ्याच्या बंद पिशवीत जाऊ दे. कुंडीशेजारी पडू दिलात तर पिल्लं चालत परत झाडावर येतात.

घरचे फवारे

एवढं करूनही कीड वाढत असेल तरच फवारा हातात घ्यावा. घरच्या फवाऱ्यांचे काही नियम सगळ्यांना लागू आहेत. फवारणी ऊन उतरल्यावर करावी. आदल्या दिवशी एखाद्या पानावर मारून बघावी, पान करपलं नाही तर पुढे जावं. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, कारण किडींचा मुक्काम तिथेच असतो. झाड तहानलेलं असताना किंवा फुलावर मधमाश्या असताना फवारू नये. आणि एका फवाऱ्याने समाधान मानू नये. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः वितात. म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारणी हवी.

पहिला फवारा साबणाचा. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रव साबण. मऊ अंगाच्या किडींच्या त्वचेवरचं मेण साबणाने जातं आणि त्या सुकून मरतात. कपड्यांची पावडर मात्र नको, तिच्यातल्या सोड्याने पानं जळतात. घरात रिठे असतील तर सात-आठ रिठे फोडून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. रिठ्याचा फेसही हेच काम करतो. दोन तासांनी पानं साध्या पाण्याने धुऊन टाकली तर कोवळ्या रोपांना त्रास होत नाही.

दुसरा निंबोळी अर्काचा. कृषी विभाग शिफारस करतो तो पाच टक्के अर्क घरी करायला अगदी सोपा आहे. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटा, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि रात्रभर पाव लिटर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी पुन्हा पुन्हा बुडवून पिळा, दुधासारखं पांढरट पाणी निघेल. ते गाळून एकूण एक लिटर करा, त्यात साबणाचे चार-पाच थेंब घाला आणि त्याच संध्याकाळी वापरून टाका. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटक कीड लगेच मारत नाही. पान कडू लागल्याने अळी खाणं सोडते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि ती पुढच्या अवस्थेत जात नाही. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून निराश होऊ नका, चार-पाच दिवस थांबा. उन्हात हा घटक लवकर नष्ट होतो, म्हणून संध्याकाळची वेळ महत्त्वाची.

निंबोळ्या विकत आणायची गरज नाही. जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या रस्त्याकडेला पडतात. त्या वेचून गर धुवा, बिया सावलीत खडखडीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा. वर्षभर पुरतात. निंबोळ्या नसतील तर कडुनिंबाचं तेल घ्या : पाच मिलिलिटर तेलात आधी एक-दोन मिलिलिटर द्रव साबण घोटा, मग थोडं थोडं करत लिटरभर कोमट पाणी मिसळा. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगतं आणि जिथे पडतं तिथलं पान जाळतं.

पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला खाणाऱ्या आणि धान्याच्या कणगीत तो पाला घालणाऱ्या आपल्या घरांना या झाडाचा गुण नवा नाही. तरीही १९९४ साली कडुनिंबाच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि एका बहुराष्ट्रीय कंपनीला युरोपात पेटंट मिळालं होतं. ही पद्धत भारतात आधीपासून वापरात आहे हे दाखवून दिल्यावर २००० साली ते रद्द झालं आणि २००५ साली अपीलही फेटाळलं गेलं. ज्या ज्ञानासाठी दहा वर्षं भांडावं लागलं, ते आपल्या घरात वापराविना पडून राहू नये.

तिसरा फवारा भुरीसाठी. हिवाळ्यात दुधी, काकडी, भोपळा यांच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी येते. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी मिसळून दर आठवड्याला पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. हा फवारा मात्र सकाळी मारा, त्याला ऊन लागतं. पहिला पांढरा ठिपका दिसताच सुरुवात केली तर उपयोग होतो. पान पूर्ण पांढरं झाल्यावर ते काढून टाकणंच बरं.

सापळे आणि पिशव्या

पांढरी माशी आणि उडणारा मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात, फुलकिडे निळ्याकडे. जुन्या पिवळ्या डब्याच्या झाकणाला एरंडेल तेल चोपडून ते झाडाच्या शेंड्यापेक्षा थोडं वर टांगलं की चिकट सापळा तयार होतो. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावायचं. त्यात मित्रकिडेही अडकतात, म्हणून लहान बागेत एक-दोन सापळे पुरेत आणि किडीचा जोर ओसरला की काढून ठेवावेत.

कारली, दोडकी, दुधी वेलीवरच पिवळी पडून गळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा फळमाशी असते. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ कुजून पडतं आणि अळ्या मातीत जाऊन कोष करतात. आंबा बागायतदार यासाठी गंधाचा सापळा लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा अनेकांच्या परिचयाचा आहे. आंब्यासाठीचा गंध वेगळा आणि वेलवर्गीय भाज्यांसाठीचा वेगळा असतो, घेताना विचारून घ्या. या सापळ्यात फक्त नर सापडतात. दोन-चार वेलींच्या बागेत त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पिशवी. फूल गळून फळ बोटाएवढं झालं की त्याला वर्तमानपत्राची लांबट पिशवी चढवून देठाशी सैल बांधा. माशीला साल सापडली नाही की प्रश्नच मिटतो. किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग टाका.

पावसाळ्यात गोगलगाईंसाठी संध्याकाळी कुंड्यांजवळ ओलं गोणपाट पसरा. रात्रभर खाऊन त्या पहाटे त्याखाली गोळा होतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ थेट कुंडीत शिंपडू नका, माती खराब होते.

हे टाळा

‘घरगुती’ म्हणजे निरुपद्रवी, असा समज करून घेऊ नये. तंबाखूचा काढा अनेक जण सुचवतात, पण निकोटिन हे माणसालाही घातक विष आहे. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. दशपर्णी अर्क शेतात उपयोगी पडतो, पण त्याच्या अनेक पाककृतींत कण्हेरीचा पाला असतो आणि कण्हेर विषारी आहे. पालेभाज्यांच्या कुंड्यांवर, लहान मुलं असलेल्या घरात, तो नकोच. लसूण-मिरचीचा अर्क चालतो, मात्र फवारताना वाऱ्याकडे पाठ करा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. रॉकेल, फिनाईल, झुरळांचा स्प्रे यांना बागेत जागा नाही. कोणताही फवारा मारलेली भाजी काही दिवसांनीच काढावी आणि स्वच्छ धुऊन वापरावी.

भेंडीची पानं शिरांसकट हळदीसारखी पिवळी पडली तर तो विषाणूजन्य हळद्या रोग. त्यावर कोणताही फवारा नाही. रोप उपटून टाका आणि तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा. एका भेंडीची माया केली तर उरलेल्या नऊ जातात.

कीड मुळात का येते

ज्या कुंडीत वारंवार मावा येतो, तिथलं खतपाणी एकदा तपासा. युरिया किंवा फार शेणखत दिलं की फांद्या रसरशीत, लुसलुशीत वाढतात आणि रस शोषणाऱ्या किडींना त्याच आवडतात. थोडं थोडं, पूर्ण कुजलेलं खत द्या. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. कुंडी भरताना मूठभर निंबोळी पेंड आणि किलोभर खतामागे ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची चमचाभर पावडर मिसळली तर मर आणि मूळकूज यांना आळा बसतो. ही पावडर कृषी विज्ञान केंद्रात किंवा शेतीच्या दुकानात मिळते. बोटाचं एक पेर मातीत घालून बघा आणि आत कोरडं लागलं तरच पाणी घाला. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, मधून वारा खेळू द्या. त्याच कुंडीत पुन्हा पुन्हा टोमॅटो, मिरची, वांगी ही एकाच कुळातली भाजी लावू नका, मध्ये एकदा मेथी किंवा घेवडा घ्या. नवीन आणलेलं रोप पहिले दहा दिवस वेगळं ठेवा, नर्सरीतून किडी अशाच घरात येतात.

टोमॅटोच्या सोबतीला झेंडू लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे वळतो आणि झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवरतात. शेपू, कोथिंबीर आणि बडीशेप यांची दोन-तीन रोपं न खुडता फुलू द्या. त्या बारीक फुलांतल्या मधावर गांधीलमाश्या आणि माव्याचा फडशा पाडणाऱ्या सिरफिड माश्यांचे प्रौढ जगतात. त्यांना जेवण दिलं तर त्या घर करतात.

वर्षाचा अंदाजही मनात असावा. पावसात गोगलगाय आणि बुरशी, थंडीत मावा आणि भुरी, उन्हाळ्यात लाल कोळी, फुलकिडे आणि पिठ्या. त्याप्रमाणे त्या त्या महिन्यात पान कशासाठी उलटायचं हे आधीच ठरतं.

एक वही आणि लाल दोरा

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात स्वतः बघायला, मोजायला, लिहायला शिकवलं. घरच्या बागेला हीच शिस्त हवी. एका वहीत तारीख, झाड, काय दिसलं, काय केलं आणि आठवड्याने काय झालं, एवढं लिहा. दुसऱ्या वर्षी ती वही कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती तुमच्याच गच्चीची असते.

माझ्या वहीतली गेल्या थंडीतली एक नोंद सांगते. वालाच्या वेलाचे तीन शेंडे माव्याने काळे झाले होते. दोन शेंड्यांवर पाण्याची धार मारली. तिसऱ्याला लाल दोरा बांधला आणि त्याला काहीच करायचं नाही असं ठरवलं, फक्त कुंडीच्या काठाला व्हॅसलिन लावून मुंग्या अडवल्या. चौथ्या दिवशी त्या शेंड्यावर ढालकिड्याची पिवळी अंडी दिसली, पानाखाली उभी रचलेली. नवव्या दिवशी सात काळ्या अळ्या मोजल्या. पंधराव्या दिवशी मावा नव्हता, काही फुगीर तपकिरी मावे तेवढे चिकटून होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीला टाचणीने पाडावं तसं एक गोल भोक होतं. आतले रक्षक बाहेर पडून शेजारच्या कुंड्यांकडे गेले होते. शेंडा थोडा वाकडा वाढला, पण महिन्याने त्यालाच शेंगा आल्या.

उद्या पाणी घालताना तुम्हीही एक शेंडा असाच निवडा आणि त्याला दोरा बांधा. पंधरा दिवस रोज त्याचं पान उलटून बघा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा.